बुधरीच्या नावाचे लाडू

नाई नाई वकीलबाई, बिलं हायेत ना माह्यापाशी — पाच सालाची हायेत, पिशवीत बांधून ठेवली, हे घ्या. तुमी गडचिरोलीवरून आल्या अन् मी खाली हात धाडीन का? मोहफुलाचे लाडू आमच्या बचत गटानं पयले काढले, पाकिटावर 'बुधरी' छापलं, अन् नागपूरच्या कंपनीनं तेच नाव रजिस्टर करून आमालेच नोटीस धाडली — का हे नाव आमचं हाये, तुमी वापरू नका. कुरखेड्याच्या बाजारात मले लोक धुरपताबाई नाई, बुधरीबाईच म्हनत. अन् आता मी नाव झाकाले आपल्याच पाकिटावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून राह्यली. राग नाई येनार?

तुमच्याकडं यायच्या आधी साहेबाकडं गेली होती ना मी. विधानसभेत त्यायच्या पक्षाचे नेते हायेत ते, गटनेते म्हनतात. मले वळखतात — मंचावर आमचा लाडू खाल्ला त्यायनं. हिवाळी अधिवेशनाले नागपूरले गेली, दोन दिवस आमदार निवासाच्या पायरीवर बसली. तिसऱ्या दिवशी भेटले. म्हने, बाई, लक्षवेधी लावतो, सभागृहात इचारतो. मी गावातल्या बाया टीव्हीसमोर बसवल्या. अधिवेशन सरलं, लाडवाचा विषय काई निंघाला नाई. पीएले फोन केला तं म्हने, साहेबायपाशी लय विषय असतात, तुमी कोर्टात जा. एवढ्या आमदारायचा नेता, अन् आमचा एक प्रश्न — जाऊ द्या.

काय म्हनता? बुधरीचा कागद? — सांगते ना. बुधरी आमच्याच गटातली, गोंड समाजाची, जंगलातल्या टोल्यावर, चार घरायच्या वस्तीत राहते. मोहफूल किती भाजाचं, जवस कवा टाकाचा, हे तिनंच दाखवलं. म्हनून तं नाव देल्लं तिचं, चांगल्या मनानं देल्लं. इचारलं का तिले? — त्यात काय इचाराचं, घरच्यावानी होती. साहेबायच्या हातून बक्षीस भेटलं तवा ती खाली ताटल्या वाटत होती. साहेबायनं इचारलं, हे कोनी शिकवलं, तं मी — माइक समोर, एवढे लोक, घाबरली ना मी — म्हनली, मीच. तवापासून ती गटात आली नाई. घरी कामं असतील म्हनलं. मी काई गेली नाई पाहाले.

म्हंजे आता गेली, परवा. तुमीच फोनवर म्हनल्या ना, जिचं नाव हाये तिनं लिहून देल्लं तं आपली बाजू पक्की होते. ती धान पाखडून राह्यली होती. मी कागद काढला. तिनं सूप बाजूले ठेवलं अन् म्हनली, "कंपनीचा मानूस आल्ता. तुझं नाव छापू का म्हने. मी अंगठा देल्ला."

मी म्हनली, बुधरे, पयले तं आमी छापलं, मंग त्यायले काऊन देल्लं? भांडली नाई ती. एवढंच म्हनली, "त्यायनं इचारलं."

बस म्हनलं तिनं, पानी आनलं. मी पेली नाई. तसाच कागद घेऊन निंघाली, अन् रस्त्यानं तिलेच बोलत आली — कंपनीले नाई, साहेबाले नाई, तिलेच.

हे काऊन लिवून राह्यल्या तुमी? बिलं लिवा, तारखा लिवा. कोर्टात सारंच सांगा लागते? मंग ठेवा तो पेन. सुनावनीले मी येत नाई. जा तुमी, गाडी सुटन तुमची.