मैना हयात आहे

माजी सैनिकांच्या कचेरीत रांगेतल्या निरगुडेसरांनी पुस्तकातून मान वर केली. पुढे कारभारी नावाड्याचं कारकुनाशी चाललं होतं.

“साहेब, आमच्या मैनेला माजी सैनिकाचा दाखला द्या.”

“कोण मैना?”

“होडी. एकाहत्तरला सरकारनं लढाईला नेली, खाडीत पहारा केला तिनं. मग धरणाचा गाळ मोजत फिरली.”

“मग आता दाखला कशाला?”

“हॉटेलवाला तिला कापून भेळेचं दुकान करणार हाय. सैनिकाला कोण हात लावंल?”

“हयात आहे?”

“तरंगती की!”

“मग तिला स्वतः यावं लागेल. दुसऱ्या मजल्यावर.”

“लय म्हातारी हाय, साहेब.”

“वय?”

“सत्तरीच्या वर.”

“आधी सांगायचं ना, बाबा! ज्येष्ठांसाठी आम्हीच घरी येतो. हॉटेलवाल्याला म्हणावं, तोवर हात लावू नकोस.”