डब्याला आवाज हाजराचा

...नाय नाय, बिस्किटं तिकडं ठेवा, प्लास्टरवर नको! बघायला आलात ना? बघा. दोन्ही पाय! आणि कुणामुळं? माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोरामुळं, त्या मुदस्सरमुळं! त्याच्या मशीनमुळं! तुम्हाला सांगतो, लय हुशार मशीन!

हा पुण्याला इंजिनेर व्हायला गेलेला, शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट पायजे, तर सापडली माझी वडापची, शिटावर पॅसेंजर भरायची जीप. डॅशबोर्डखाली डबा बसवला. आमच्या डोंगरात अजून मोबाईल लागत नाय आणि माझ्या गाडीत डबा बोलतो! आवाज कुणाचा? आमच्या हाजराचा, टेप करून घेतलेला! म्हणजे घरात एक नि जीपमध्ये एक. महाड डेपोसमोरनं निघालो की सुरू, 'माणसं जास्त भरलीत... पट्टा लावा... हळू चालवा...' अरे, नऊच्या गाडीत सोळा नाय भरली तर वडाप कसलं? मागनं येसूबाई कोकलते, 'हारूनभाय, बायकोला घरी ठेव रे!' आणि सगळी जीप फिदीफिदी...

मुदस्सरला म्हटलं, काढ ही ब्याद. तर म्हणतो, 'मामू, थांब. आर्टिफिशल इंटेलिजन्स हाय, ते शिकतं. ज्याच्यावर तू वैतागशील, ते बोलायचं बंद करंल.' मग काय! मी दिवसभर खेकसतोय, 'गप बस गो! अक्कल नको शिकवू!' पॅसेंजर पण ओरडतायत, 'गप गो!' आधी पट्टा बंद. मग माणसं बंद. ब्रेकऑइल संपत आलंय म्हणून चार दिवस सांगत होती... शेवटी तिचे आईबाप काढले, तेव्हा ते पण बंद! लय हुशार मशीन!

दुसऱ्या दिवशी पॅसेंजर सोडून कुडपणचा घाट उतरतोय, ब्रेक दाबला तर पाय थेट खाली! आणि डबा? शांत. समजूतदार! मागं फक्त कुशाबाच्या दोन शेळ्या होत्या, त्यांनी वळणावर उड्या टाकल्या. त्यांना कुणी शिकवलं होतं? मी मात्र जीपसकट दरीत. मुदस्सर धावत आला, वाटलं रडायला... डबा खोलून घेऊन गेला! फर्स्टक्लास मिळाला त्याला. रिपोर्टात लिहिलं काय, तर 'चालकाची तक्रार शून्य'!

हाजरा? ती काय, बसलीय कोपऱ्यात. ब्रेकऑइलवरनं मी आईबाप काढले ना, त्याच फेरीला ही माहेराहून येत होती. मागं बसलेली. सोळा माणसांत मला दिसलीच नाय. सगळं ऐकलं तिनं... तिच्याच आवाजाला घातलेलं. तेव्हापासून एक शब्द नाय. पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी हाय, सकाळपासून मागतोय मी.

डब्याला शिकायला महिना लागला हो. ही एका फेरीत शिकली.