मागच्या शिवणीतली माया

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आमच्या शिवणघराचे मालक, त्यांच्या शेजारी बसलेले सन्माननीय पाहुणे, कापडाचे घाऊक व्यापारी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती कटिंग मास्तर, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या काकू, आणि आज धुतलेल्या कपड्यांत आल्यामुळे चटकन ओळखू न येणारे माझे सहकारी आणि गिऱ्हाईक मंडळी,

मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय. सांगताना मालकांनी खांद्यावर हात ठेवून बजावलं, "गोड बोल." प्रयत्न करतो. कॉलेज अर्ध्यावर सोडलेला माणूस आहे, वाक्य अर्ध्यावर सुटलं तर सांभाळून घ्या. मास्तर मला काडेपेटी म्हणतात. काडेपेटीच्या हाती माइक दिला, ही चूक माझी नाही.

माझ्याआधीचे सगळे छान बोलले. पण एक गोष्ट कानाला टोचली. मास्तर शिस्तीचे होते, मास्तरांची कात्री सरळ होती. होते? अहो, समोर बसलेत. पाणी पिताहेत. माणूस कामावरून निघाला की लगेच 'होते' का होतो? सहज आलं तोंडात, असं तुम्ही म्हणाल. मला हल्ली काहीच सहज वाटत नाही.

मास्तरांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, हे इथं कुणाला नवं नाही. ऑपरेशन झालं, मग केमो झाली. बोटांना इतक्या मुंग्या यायच्या की सुईत दोरा आम्ही ओवून द्यायचो. शेवटी डॉक्टर म्हणाले, उत्तम झालं, आता फक्त नजर ठेवायची. अधूनमधून रक्ताची तपासणी आणि स्कॅन. ते 'फक्त' फार लबाड आहे. आजार होता तेव्हा शत्रू समोर तरी होता, बरं झाल्यावर तो कुठंही असू शकतो. मास्तर खोकले की ओव्हरलॉकवाल्या ताईंचं मशीन थांबायचं. अर्धा डबा परत नेला की शिवणघरभर कुजबुज. स्कॅन जवळ आला की ते चिडचिडे व्हायचे आणि रिपोर्ट चांगला आला की सगळ्यांना चहा पाजायचे. आम्ही त्यांचा रिपोर्ट चहावरून वाचायला शिकलो होतो.

यंदा चहा आला नाही.

विचारलं, तर म्हणाले, "स्कॅनचं मशीन बिघडलंय." बरं. पाठोपाठ म्हणाले, नोकरी सोडतो. नजर शाबूत, बोटं पुन्हा ताळ्यावर, मग घाई कसली? आणि त्यावर कमाल झाली. मास्तरांच्या लेकीवर माझं प्रेम आहे. ती काकूंच्या शेजारी बसली आहे आणि आत्ता माझ्याकडे अजिबात बघत नाहीये. मास्तरांचं उत्तर इतकी वर्षं ठरलेलं होतं, "आधी कोटाची बाही नीट बसव, मग माझ्या लेकीचं बघू." माझी बाही आजही खांद्याशी चुणी धरते, इथली काही गिऱ्हाइकं साक्षीला आहेत. तरी गेल्या महिन्यात मास्तर एकाएकी म्हणाले, "रविवारी घरी ये. बोलून टाकू."

दुसरा कुणी नाचला असता. मला घाम फुटला. हा माणूस काजाचा एक वाकडा टाका कुणाला माफ करत नाही, आणि चुणीसकट मला जावई करून घ्यायला निघाला? इतकी सूट कोण देतं? ज्याला दुकान आवरायचं असतं तो. मला माझ्याच नशिबाचा संशय आला. तेव्हापासून दर रविवारी मी काहीतरी निमित्त काढतो आहे.

मग स्कॅन सेंटर गाठलं. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "मशीन दुरुस्त झालं का हो?"

त्या म्हणाल्या, "बिघडलं कधी होतं?"

तिथून तडक कटिंगच्या टेबलापाशी. मास्तर खडूनं रेघ ओढत होते.

"मशीन चांगलं चालू आहे," मी म्हणालो.

"कुठलं?"

"तुम्हाला माहीत आहे कुठलं."

त्यांनी रेघ पुरी केली, खडू फुंकला. "कापड उलटून बघितलं नाही, तोवर डाग नसतो रे."

"डाग असतोच. आपल्याला दिसत नाही."

"तेच म्हणतोय. दिसत नाही तोवर दोन घास गोड लागतात."

"आणि घरी काय सांगायचं?"

"तू तोंड उघडून तर बघ. काडेपेटी कुठली."

मी तोंड उघडलं नाही. म्हणजे, त्यांच्या लेकीला सोडून कुणापुढे उघडलं नाही.

आता मूळ मुद्दा. आजच्या दिवसासाठी मास्तरांनी स्वतःची पँट स्वतः शिवली. इस्त्रीला माझ्याकडे आली. मी ती उलटी केली आणि हात थांबला. मागच्या शिवणीत माया नव्हती. गिऱ्हाईक मंडळींसाठी सांगतो, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. माणूस अंगानं भरला की शिवण उसवून पँट तेवढी सैल करता येते. मास्तरांनी आमचे कान धरून शिकवलंय, "माया सोडा रे, माणूस आज आहे तेवढाच उद्या राहत नाही." आणि स्वतःला? जेमतेम टीप बसेल एवढं कापड. आजारानं उतरलेल्या कंबरेला चिकटून कापलेलं. कापड कमी पडलं म्हणावं, तर उरलेला तुकडा टेबलाखाली पडला होता. आपण पुन्हा भरणार नाही असं ज्यानं मनाशी धरलंय, तोच अशी पँट शिवतो.

मास्तर, तुम्ही उलटून बघितलं नाहीत. मी बघितलं.

काल दुपारी इस्त्रीच्या खोलीत तुमच्या लेकीनं आणि मी ती शिवण उसवली. (मालक, दार उघडं होतं.) तिनं धागे वेचले. मी दोन्ही कडांना त्याच कापडाची पट्टी जोडली आणि शिवण पुन्हा तुमच्या मापावर आणली. आत आता चांगली दोन बोटं माया आहे. पुढे पँट सैल कराल तेव्हा जोड दिसेल. दिसू दे. पोटावरचा टाका दिसतोच की. मास्तर, हात मागे नेऊन चाचपू नका, सगळे बघताहेत.

मंगळवारी सकाळी स्कॅनची वेळ घेतली आहे. तुमच्या लेकीनं घेतली, कारण माझं तुम्ही ऐकणार नाही. काकूंचा चेहरा सांगतोय की मशीनची गोष्ट त्यांना कधीच पटली नव्हती. स्कॅनमध्ये काय निघेल, मला माहीत नाही. काही नाही निघालं तरी माझा चटकन विश्वास बसायचा नाही, आणि पुढच्या स्कॅनला मी नव्यानं संशय घेईन. माझा स्वभाव तसा आहे. आत गेल्यावर कपडे बदलायला लावतात. तुमची पँट मी बाहेर धरून बसेन.

आणि ते रविवारचं बोलावणं. ते परत घ्या, मास्तर. आधी स्कॅन करून या, मग माझी बाही उलटून बघा, आणि नसेल बसली तर खुशाल नाही म्हणा. तुमचा नकार मी पचवीन. घाईतला होकार मला नको.

काय म्हणालात? माइक लांब आहे... मास्तर विचारताहेत, उपाशीपोटी यायचं का.

हो मास्तर, उपाशीपोटी. मीही उपाशी येतो. बाहेर आल्यावर चहा मी पाजतो. यापुढे चहा रिपोर्टच्या आधीच.

मालकांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ खुर्ची न सोडणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. गोड बोलणं काही जमलं नाही. बोलताना टीप सरकली असेल, कुणाला सुई लागली असेल, तर माझ्यासाठीही शिवणीत थोडी माया सोडा. आणि आधीच्या वक्त्यांना हात जोडून एकच विनंती आहे, तेवढं 'होते' उसवून 'आहेत' करून घ्या.