आई गेममध्ये फिरायला गेली

माझा नवरा समीर अमेरिकेत रेडमंडला एका कंपनीत व्हिडिओ गेम टेस्ट करायचा ना, तेव्हाची गोष्ट सांगते. आई नागपूरहून आमच्याकडे आली होती. बाहेर सारखा पाऊस, त्यामुळे दुपारभर ती टीव्हीवर पोलिसांच्या सिरीयल बघायची. एका भागात दिवसरात्र गेम खेळणारा माणूस खरीखुरी बंदूक घेऊन शेजाऱ्यांना मारत सुटतो. डिटेक्टिव्ह म्हणतो, “त्याला खेळ कुठला आणि खरं कुठलं, तेच कळेनासं झालं होतं.”

आईने टीव्ही बंद केला. मला हळूच म्हणाली, “जावई ऑफिसात हेच करतात ना गं? रोज आठ तास?”

मी हसले, पण ती गंभीरच होती. “तू आपली माझ्याबरोबर परत चल,” ती म्हणाली.

मी समीरला सगळं सांगितलं. शनिवारी त्याने आईला सोफ्यावर बसवून कंट्रोलरच तिच्या हातात दिला. “आई, तुम्हीच खेळून बघा.”

गेम युद्धाचा होता. आईने गोळीचं बटण दाबलंच नाही, ती नुसती चालत राहिली. उंच गवतातून, पडक्या पुलावरून, थेट एका तळ्यापर्यंत. पाण्यावर ढग सरकत होते. आम्ही तिघं ते किती वेळ बघत बसलो कोण जाणे.

एवढ्यात झाडामागून एक सैनिक बंदूक रोखून आला. आई जराही दचकली नाही. म्हणाली, “समीरराव, त्याला सांगा, मी नुसती फिरायला आलेय.”