बसून खाणं

औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात सुमेधा नंबराची वाट बघत होती. शेजारी राजाबाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांचे यजमान मल्हारी डॉक्टरांकडून तपासून घेऊन बाहेर आले.

“भाकर बंद केली का वो?”

“नाय. दोन्ही टायमाला खा म्हणले.”

“देव पावला. पोरगा तर समदा दोष भाकरीलाच देत व्हता. मंग वजन वाढलं कशानं?”

“मेंढरं इकल्यापासून बसून खातोय, त्यानं.”

“आता कुठं बसून खाता? मागल्या खेपेला ‘बसून खाणं बंद करा’ म्हणले, तवापासून उभ्यानंच जेवताय की.”

“ते सांगितलं, तर डॉक्टर लई हसले. म्हणले, मांडी घालून जेवा, पर रोज चाला.”

“व्हय?”

“व्हय. चल, घरी पायीच जाऊ.”

“चला बाई. उभ्यानं वाढू वाढू माझीच कंबर धरली व्हती.”