बाळाचा नमुना चमकला नाही

पापनाशमहून तंजावरला येणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ आणि प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची मुलगी बसली होती.

"सुप्रभा, बाळाच्या रक्ताचं काय झालं?"

"रक्तातलं एन्झाइम काम करत असेल तर नमुना यंत्रात निळा चमकतो, अप्पा. बाकीचे सगळे चमकले."

"आणि आपल्या बाळाचा?"

"नाही चमकला. मी तीनदा मोजलं."

"थोरला गेला, तो यानंच?"

"तसंच वाटतं. तेव्हा कुणी तपासलंच नाही. याला औषध देता येईल."

"भवानीला कोण सांगणार?"

"मी सांगते वहिनीला. आधी औषधाचंच सांगेन."

"नको. थोरला तिच्या दुधानं गेला नाही, हे आधी सांग. चार वर्षं ती तेच मनात धरून बसलीय."