साठ टक्के म्हणजे येणार की नाही?

“दिवसभर दार लावून बसते, आणि करते काय माहितीये? बाहेर पाऊस आहे का ते कम्प्युटरला विचारते. अहो, खिडकी हाताच्या अंतरावर आहे तिच्या!”

हे सासूबाईंचं. स्वयंपाकघरात, सासऱ्यांशी, हळू आवाजात... म्हणजे त्यांच्या मते हळू. तो जिन्यापर्यंत येतो आणि मी जिन्यातच होते, वाळलेल्या चादरींचा ढीग हनुवटीपर्यंत घेऊन. त्यावर सासरे म्हणाले, “करू दे थोडे दिवस. कंटाळली की दुकानात बसवू.” दुकान म्हणजे आमची लाँड्री. खाली दुकान, वर घर, त्याच्यावर गच्ची आणि गच्चीवर गावातल्या हॉटेलांच्या चादरी. मी काही बोलले नाही. नव्या सुनेच्या गप्प बसण्याला सगळे समजूतदारपणा म्हणतात, मीही म्हणू देते.

पण तुम्हाला सांगते, मी पाऊस विचारत नव्हते हो. एका कंपनीने नोकरी देण्याआधी परीक्षा म्हणून काम दिलं होतं, की गावाचं नाव टाकलं की तिथलं हवामान दाखवणारं एक साधं वेब ॲप करा, चालवून दाखवा, मग बघू. साधं म्हणे! हवामानाची माहिती देणाऱ्या साइटवर नाव नोंदवायचं, मग ते एक की देतात, की म्हणजे किल्लीच म्हणा, अक्षरं-आकड्यांचं लांबलचक शेपूट, ती टाकली तर म्हणे चालत नाही, पुन्हा टाकली, पुन्हा चालत नाही, माझंच काहीतरी चुकलं म्हणून अर्धा दिवस डोकं फोडून घेतलं आणि शेवटी खाली बारीक अक्षरांत दिसलं... नवी किल्ली चालू व्हायला वेळ लागतो, धीर धरा. म्हणजे नव्याने आलेल्याला तिथेही कोणी लगेच ओळख देत नाही.

बरं, ॲप चालू ठेवायचं तर लॅपटॉपवर एक काळी चौकट उघडी ठेवावी लागते, तिच्यात ओळी सरकत असतात, ती बंद की सगळं बंद. मी चहा घेऊन येते तर नवरा माझ्या खुर्चीत, चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव. “अगं, ते काळं काहीतरी उघडंच राहिलं होतं, बंद केलं मी. लॅपटॉप तापतो.” गोड आहे हो माणूस. मी काही बोलले नाही. फक्त पासवर्ड बदलला.

एकदाचं ॲप चाललं. नवऱ्यानेच कौतुकाने सगळ्यांना बोलावलं, मी आमच्या गावाचं नाव टाकलं, बटण दाबलं आणि पडद्यावर काय यावं? बर्फवृष्टी, उणे चार. बाहेर ऊन असं, की गच्चीवर चादरींचे पापड झालेले. आमच्या गावाच्या नावाचं आणखी एक गाव जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे हे मला तरी कुठे ठाऊक? ॲपला बिचाऱ्याला जे पहिलं सापडलं ते त्याने उचललं. सासूबाई म्हणाल्या, “स्वेटर काढू का गं?” सासऱ्यांनी तर पुढे दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं, “कपडे उद्या न्या, आज बर्फ पडतोय.” मी काही बोलले नाही. वर गेले, गावापुढे देशाचं नाव टाकायची सोय केली आणि काम कंपनीला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपने दाखवलं, दुपारनंतर पाऊस, शक्यता साठ टक्के. मी लॅपटॉप दुकानात नेला, काउंटरवर ठेवला आणि सासऱ्यांकडे वळवला.

“साठ टक्के म्हणजे? येणार की नाही, एक काय ते सांग. का चादर साठ टक्केच भिजणार?”

आतून सासूबाई, “माझा गुडघा दुखत नाहीये. नाही येत पाऊस.”

गुडघ्याचं हे बरं असतं, त्याला टक्के नसतात. चादरी गच्चीवर गेल्या. आणि दुपारी तो आला... चांगला शंभर टक्के आला. चौघं धावलो, ओल्या चादरी ओढतोय, पाय घसरतायत, आणि सासूबाई म्हणतात काय, “सकाळपासून त्या यंत्रात पाऊस पाऊस चाललंय, येणार नाही तर काय?” सासरे म्हणतात, “तरी मी म्हणत होतो.” काय म्हणत होते? तुम्हीच सांगा, काय म्हणत होते? म्हणजे ॲप चुकलं तर मी खुळी आणि बरोबर आलं तर पांढऱ्या पायाची. तरीही मी... हो, तेव्हाही गप्पच.

संध्याकाळी कंपनीची मेल आली. काम पसंत, सोमवारपासून घरूनच सुरू करा. मी ती सांगायला जेवणाच्या टेबलाशी येऊन बसते न बसते तोच सासरे म्हणाले, “झाली ना हौस? सोमवारपासून काउंटरला बस. गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलंय मी.” सासूबाई म्हणाल्या, “पंखा आहे तिथे. बरं वाटेल तुला.” नवरा ताटात बघत होता, जणू उत्तर भातात आहे. आणि मला दिसलं ना, आत्ता गप्प बसले तर जन्मभर लोकांच्या शर्टांना चिठ्ठ्या लावणार मी. आणि सगळे म्हणणार, किती समजूतदार.

पाणी प्यायले. पेला खाली ठेवला. म्हणाले,

“बाबा, काउंटरला माणूस बघा. मला नोकरी लागलीये, सोमवारपासून नऊ ते सहा मी वरच्या खोलीत कामावर असणार. आणि आई, त्या वेळात पाऊस आला तर तो मी आणलेला नसेल, आणि चादरी काढायलाही मी येणार नाही. आला की वरून ओरडेन. तेवढं घरचं म्हणून.”